मधल्या श्रेणीतला डीएसएलआर निवडताना

निकॉन डी७५०० (२०१७) आणि कॅनन ९०डी (२०१९) या कॅमेऱ्यांची तुलना बहुतेक जण मेगापिक्सेलवरून सुरू करतात: २०.९ विरुद्ध ३२.५. पण पक्षी किंवा खेळ टिपणार असाल तर आधी बफर बघा, म्हणजे कार्डवर लिहिले जाईपर्यंत फोटो साठवणारी कॅमेऱ्यातली तात्पुरती मेमरी. ९०डी सेकंदाला १० फ्रेम (फोटो) घेतो, मात्र सुमारे २५ रॉ (प्रक्रिया न केलेल्या, मोठ्या फाइलच्या) फोटोंनंतर मंदावतो. डी७५०० चा वेग ८ फ्रेमचा, पण तो जवळपास ५० रॉ फोटो सलग खेचतो. पक्षी उडाल्यावर हा फरक लगेच जाणवतो. व्हिडिओ करायचा असेल तर मात्र ९०डीच घ्या. डी७५०० वर ४के (जास्त बारकाव्यांचा व्हिडिओ) लावलं की चित्र कडेने बरंच कापलं जातं.

निकॉनच्या जुन्या लेन्स असतील तर डी७५०० मध्ये फोकस मोटर आहे, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्सवरही ऑटोफोकस चालतो. हाताने फोकस करायच्या, त्याहून जुन्या एआय लेन्सवर मात्र मीटर (प्रकाश मोजणारी यंत्रणा) चालत नाही.

घेण्याआधी कॅमेरा डोळ्याला लावा आणि नजर न हटवता आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) बदलून बघा. बोट चाचपडत राहिलं, तर दुसरा कॅमेरा हातात घ्या. आणि हो, बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) सगळं बजेट संपवू नका, चांगल्या लेन्सला पैसे राखून ठेवा.