बंगलेवाल्यांचं आमंत्रण आलं तर

जुळे सोलापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला मोठा बंगला झाला. मालक कोण, धंदा काय, कुणालाच ठाऊक नाही. आणि एके दिवशी सगळ्या गल्लीला जेवणाचं आमंत्रण! असं झालं तर जरूर जा. फक्त गेल्या गेल्या आधी यजमानांना गाठा, आपलं नाव आणि घर सांगा. गर्दीत बहुतेक जण थेट ताटाकडे वळतात आणि यजमान एका कोपऱ्यात एकटेच उभे राहतात. मी हे पाहिलंय, फार वाईट वाटलं.

भेट काय न्यावी याचं दडपण घेऊ नका. महागड्या वस्तूंत त्यांची बरोबरी कशाला? आपली सुती सोलापुरी चादर न्या. भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. घेताना उलटून बघा: जेकार्ड मागावरच्या अस्सल चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंग उलटे होतात. सोबत पाव किलो शेंगाचटणी.

पैसा कुठून आला हे विचारू नका. गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, हे विचारा. घराचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय गल्लीच्या ग्रुपवर टाकू नका. आणि आठवड्याभरात त्यांनाही चहाला बोलवा, कडक भाकरी आणि चटणी ठेवा.