एदोच्या वेशीवरचा थांबा: हान्यू पार्किंग एरिया

जपानच्या तोहोकू एक्सप्रेसवेवर, सैतामा प्रांतात, हान्यूच्या या विश्रांतिथांब्यात २०१३ पासून जुन्या एदो शहराची (म्हणजे पूर्वीच्या तोक्योची) हुबेहूब गल्ली उभी आहे. गल्ली फक्त तोक्योकडे जाणाऱ्या बाजूला आहे. त्यामुळे तोक्योहून येताना नव्हे, परतताना थांबा. तातेबायाशी इंटरचेंज मागे पडला की डावी लेन धरा; फाटा चुकला तर महामार्गावर यू-टर्न नाही.

लाकडी भिंती मुद्दाम काळवंडलेल्या, ऊनपाऊस खाल्लेल्या दिसतील अशा रंगवल्या आहेत. हे काम जवळून बघाच!

शाकाहाऱ्यांनी सोबा नूडल्स मागवताना जपून: रस्सा बहुधा सुक्या माशाचा असतो. मांसाहाऱ्यांनी इथल्या ‘गोतेत्सु’ या उपाहारगृहातला कोंबडीचा रस्सा घ्यावा.

गाडी स्वतः चालवणार असाल, तर आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या.