रात्रीच फिरणारा व्हाइटटेल हरणाचा नर: माजाआधीच्या शिकारीत या चुका टाळा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उलटला की रानात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांतले फोटो बघून ओळखीतल्या शिकारी मंडळींचे फोन सुरू होतात. "मोठा नर आहे रे, पण सगळे फोटो रात्री एक ते चारमधले. दिवसा बाहेरच पडत नाही." पाठोपाठ ठरलेला निष्कर्ष येतो: हा रात्रीचाच आहे, माजावर येईपर्यंत आपल्या हातात काही नाही. मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो आणि त्यापायी चांगले दोन हंगाम घालवले. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं अमेरिकेतल्या, त्यातही दक्षिण मिशिगनमधल्या व्हाइटटेलच्या, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, परवाना काढून केलेल्या शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, तिथे यातलं काहीही करायचं नाही. आणि इथेही रात्री फिरणारा नर रात्री मारायचा नसतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, एवढीच मुभा. म्हणजे खरा प्रश्न इतकाच, की त्या उजेडात तो कुठे असतो?

आमच्याकडे धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो आणि १५ नोव्हेंबरला बंदुका निघतात. माद्या सर्वांत जास्त गाभण राहतात त्या नोव्हेंबरच्या मध्यावर. गाभणकाळ साधारण २०० दिवसांचा, त्यामुळे मेअखेरीला आणि जूनमध्ये पाडसं दिसू लागतात. हे चक्र थंडीवर नाही, लहान होत जाणाऱ्या दिवसावर चालतं, म्हणून दरवर्षी तारखा जवळपास त्याच असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नर अंगात आलेला असतो, पण माद्या अजून माजावर नसतात. तो अजून आपल्या ठरलेल्या जागीच बसतो, फक्त रोज संध्याकाळी थोडा लवकर उठतो. ऐन माजात तोच नर मैलोन्‌मैल भटकतो आणि कुणाच्याही बांधावर निघतो. एक विशिष्ट नर हवा असेल, तर माझ्या मते माजापेक्षा हे आठ-दहा दिवस जास्त मोलाचे.

फोटोवरची वेळ वाचली, जागा वाचलीच नाही

सर्वांत महागात पडणारी चूक ही. कॅमेरा आपण सोयीच्या जागी लावतो: सोयाबीनच्या कडेला, गाडीरस्त्याजवळ, जिथे कार्ड काढायला सोपं जातं. तिथे नर मध्यरात्री आला तर त्याचा अर्थ एवढाच, की मध्यरात्री तो तिथे होता. संध्याकाळी साडेसहाला तो झोपलेला होता असं त्यातून कुठेच सिद्ध होत नाही. गळ्यात जीपीएस पट्टे घातलेल्या नरांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलंय, की त्यांची हालचाल पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असते. चंद्राच्या कलांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. वयानं मोठा, साडेतीन-चार वर्षांचा नर उजेडात उठतो, पण दाटीतच राहतो. अंग ताणतो, दोन डहाळ्या खुडतो, वाऱ्याचा वास घेत वीस पावलं टाकतो, थांबतो. उघड्या शेतापर्यंत पोचेस्तोवर अंधार पडलेला असतो.

माझ्याकडे एक नर होता, उजव्या कपाळशिंगाला दोन टोकं फुटलेला. मक्याच्या कडेला त्याचे एकोणीस फोटो मिळाले, सगळे रात्री दहानंतरचे. मी त्याच कडेला सहा संध्याकाळी बसलो आणि एकदाही तो दिसला नाही. पुढच्या मार्चमध्ये गळालेली शिंगं शोधायला त्याच तुकड्यात शिरलो. मक्यापासून दीडेकशे पावलांवर, पाणकणसाच्या दलदलीत एक छोटा उंचवटा होता, दहा-बारा डॉगवूडची झुडपं असलेला. झुडपांच्या पूर्वेच्या बाजूला गवत दाबून झालेला लांबट खोलगा होता. त्यात मळकट पांढरे, पोकळ केस पडले होते. भोवतीच्या तीन खोडांची साल गुडघ्याच्या उंचीला सोललेली होती, एक खोड माझ्या मनगटाएवढं. त्या खोलग्यात मी बसून पाहिलं. समोर उघडं पाणी आणि मी ज्या वाटेनं रोज यायचो ती वाट, पाठीमागून वारा. मी शेताच्या कडेला बसून त्याची वाट बघत होतो तेव्हा तो इथे बसून माझं येणं-जाणं बघत होता.

तेव्हा फोटो असे वाचा. संध्याकाळचा पहिला फोटो कितीचा, आणि कुठल्या कॅमेऱ्यावर? शेताच्या कडेला तो साडेनऊला येत असेल आणि आत ऐंशी यार्डांवर दुसरा कॅमेरा साडेसातला त्याला पकडत असेल, तर त्याची बसायची जागा आणखी आत आहे. दोन-तीन कॅमेऱ्यांच्या वेळा जोडल्या की वाट उलगडते. पहाटेचा शेवटचा फोटोही तितकाच कामाचा, कारण तो घराकडे परततानाचा असतो. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र तपासून घ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पुष्कळांचे कॅमेरे जुन्याच वेळेवर राहतात.

मचाण बांधायचं ते त्याच्या बसायच्या जागेपासून शंभर यार्डांच्या आत. त्याला ऐकू जाईल ही भीती खरी आहे, म्हणून ते काम उन्हाळ्यात उरकून टाका. ऑक्टोबरमध्ये फांद्या छाटत बसू नका.

वारा एकदाच पाहिला

फोनवर वायव्येचा वारा दाखवला म्हणून बसलो, असं सांगणारे खूप भेटतात. तो वारा मोकळ्या माळावरचा. झाडीत, उतारावर, दलदलीच्या काठी त्याचं वळण वेगळं असतं. शिवाय संध्याकाळी जमीन थंड होऊ लागली की हवा जड होऊन उताराखाली, खोलगटात ओघळते. आपण पाच वाजता तपासतो तेव्हा वास नरापासून दूर जात असतो, आणि साडेसहाला, नेमक्या मोक्याच्या वेळी, तोच वास दलदलीत उतरून त्याच्या नाकाशी पोचतो.

यावर माझा उपाय लहानपणचा आहे. गावाकडे रुईच्या बोंडातली म्हातारी आपण सगळ्यांनीच फुंकर मारून उडवलेली असते. मिशिगनच्या बांधांवर मिल्कवीड उगवतं, ते रुईच्याच कुळातलं, आणि त्याची म्हातारी अगदी तशीच. सप्टेंबरअखेरीस दोन-चार बोंडं खिशात टाकतो. मचाणावर बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक सोडतो आणि नजर पोचेल तिथवर बघत राहतो. वारा बघायच्या पावडरच्या बाटलीतली भुकटी हाताच्या अंतरावरच विरून जाते. म्हातारी साठ-सत्तर यार्ड तरंगत जाते, ओढ्यावर पोचली की खाली बसते, कधी गोल फिरून परत येते. माझं एक मचाण तिनंच मला बदलायला लावलं.

अंगाच्या वासासाठीचे साबण-फवारे वापरा हवं तर. त्यांच्या भरवशावर चुकीच्या वाऱ्यात बसू नका. कपडे धुताना एवढं बघा, की साबणात पांढरेपणा खुलवणारं काही नसावं. हरणाला नारिंगी नीट दिसत नाही, पण निळा आणि त्यापलीकडचा अतिनील उजेड आपल्यापेक्षा चांगला दिसतो, आणि अशा साबणात धुतलेलं जाकीट सांजवेळी उजळ दिसतं.

जागा शिळी केली

नवी जागा पहिल्या बसण्याला सर्वांत चांगली असते. दुसऱ्यांदा कमी, चौथ्यांदा जवळपास संपलेली. तरी आपण शनिवार-रविवार सुट्टी असते म्हणून वारा कसाही असला तरी जाऊन बसतो. नर आपल्याला बघत नाही असं आपण धरून चालतो. तो परत येताना आपल्या वाटेवरचा कालचा वास घेतो, तेवढं त्याला पुरतं.

जाण्यापेक्षा निघणं अवघड. सात वाजता कायद्याची वेळ संपते, शेतात आठ-दहा माद्या चरत असतात, आणि आपण शिडीवरून उतरतो. एक मादी फुत्कार टाकते, पांढऱ्या शेपट्या वर होतात, सगळं रान सावध होतं. मी ज्यांच्या जमिनीवर शिकार करतो त्या शेतकरी आजोबांनी यावर सोपी युक्ती काढली. मी मेसेज केला की ते ट्रॅक्टर घेऊन शेतातून एक फेरी मारतात. ट्रॅक्टरची हरणांना सवय आहे, ती शांतपणे झाडीत सरकतात, आणि मी उतरतो. अशी सोय नसेल तर बाण उतरवून, मचाणावर निमूट बसून राहा, शेत रिकामं होईपर्यंत. सुरक्षेचा पट्टा पाय जमिनीला लागेपर्यंत सोडू नका. मचाणावरून पडून दरवर्षी माणसं जखमी होतात, काही दगावतात.

ऑक्टोबरच्या सकाळी तर मी जातच नाही. अंधारात जाताना तो शेतातच असतो, आपण त्याच्या वाटेवर त्याच्या आधी पोचू शकत नाही. शेवटचे तीन-चार दिवस सोडले तर संध्याकाळच बरी.

शेतावरच डोळा ठेवला

सोयाबीन पिवळं पडून वाळलं की हरणं त्याकडे पाठ फिरवतात. त्याच सुमारास पांढऱ्या ओकचे एकॉर्न, म्हणजे त्याची फळं, पडू लागतात. त्यात तुरटपणा कमी असतो, म्हणून लाल ओकआधी तेच संपतात. मग शिकारी म्हणतात, ऑक्टोबरमध्ये हरणं गायब होतात. ती कुठेही गेलेली नसतात, झाडीतल्या एका ओकखाली असतात. ज्या ओकखाली एकॉर्नच्या फुटक्या टोप्या आणि ताज्या लेंड्या आहेत, आणि जो नराच्या बसायच्या जागेच्या वाटेवर आहे, तो शोधा. मका-गाजराचे ढीग टाकण्याआधी आपल्या भागाचा नियम वाचा. मिशिगनच्या दक्षिणेकडच्या भागात, लोअर पेनिन्सुलात, हरणांना आमिष घालायला बंदी आहे.

स्क्रेप बघून हुरळलो

नरानं पायानं उकरलेली जमीन आणि तिच्यावर चघळलेली फांदी, म्हणजेच स्क्रेप, दिसली की छाती धडधडतेच. पण शेताच्या कडेचे बहुतेक स्क्रेप रात्री वापरले जातात. दाटीतला, बसायच्या जागेकडून येणाऱ्या वाटेवरचा एखादाच कामाचा. या दिवसांत नराला बोलवायला शिंगं आपटण्याचा आवाज किंवा गुरगुराट उठसूट करू नका. तो समोर दिसतोय आणि दूर चाललाय, तेव्हा एकदा हलकं गुरगुरा. त्यानं मान वळवली की गप्प राहा.

शेवटच्या उजेडातली घाई

दलदलीतला तो उंचवटा सापडला, त्याच वर्षीच्या २८ ऑक्टोबरला दुपारपासून थंड वारा सुटला, पारा पंधरा अंश फॅरनहाइटनं उतरला. सूर्यास्त साडेसहाच्या सुमाराचा. सहा चाळीसला पाणकणसात एकदा पाणी डुबुकलं. मग बराच वेळ काहीच नाही. सहा बावन्नला डॉगवूडमधून आधी नाक आलं, मग ते दुटोकं शिंग. अठरा यार्ड. तो समोरून येत होता, छाती माझ्याकडे. क्रॉसबोच्या, म्हणजे बंदुकीसारख्या धरायच्या धनुष्याच्या, दुर्बिणीत केस न् केस दिसत होता, तरी तो कोन बाण सोडायचा नव्हता. कायद्याची वेळ संपायला अकरा मिनिटं उरली होती. त्यातली सात तो तसाच उभा राहिला. मग वाटेला वळला, पुढचा पाय पुढे टाकला, आणि बरगडी उघडी पडली.

दुर्बीण अंधारातही उजेड गोळा करते, म्हणून घड्याळ बघायची सवय हवीच. नुसत्या डोळ्यांनी खांद्याची रेघ दिसत नसेल तर बाण सोडू नका. सोडल्यावर तो कुठून गेला, कुठल्या झाडापाशी शेवटचा दिसला, हे खाली उतरण्याआधी मनात पक्कं करा. बाणावर फेसाळ गुलाबी रक्त असेल तर अर्ध्या तासानं मागावर निघा. काळपट लाल असेल तर यकृत, चार-पाच तास थांबा. हिरवट घाण आणि आंबूस वास आला तर पोट, मग सकाळपर्यंत पाऊल टाकू नका. जखमी जनावर पहिल्या शंभर-दीडशे यार्डांत झोपतं, उठवलं तर मैलभर जातं. मिशिगनमध्ये दोरीला बांधलेला कुत्रा मागावर नेता येतो, त्याचे नियम आधी वाचून ठेवा. आणि अशा कुत्रेवाल्याचा नंबर सप्टेंबरमध्येच फोनमध्ये घाला, रात्री आठला पानांवरचा शेवटचा थेंब हरवल्यावर शोधत बसू नका.