‘पिल्ली’ म्हणजे पिल्लू नव्हे : लहान मुलांना बोलतं करताना या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागातली एक अंगणवाडी. मी चित्रांचा तक्ता घेऊन बसले होते. समोर साडेतीन वर्षांची एक मुलगी, घरात तेलुगू, पंधरा दिवसांत तोंडातून शब्द फुटलेला नाही. त्या दिवशी ती पुढे सरकली, मांजराच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘पिल्ली.’ मी उत्साहाने म्हटलं, ‘पिल्लू नाही गं बाळा, मांजर! म्हण, मांजर.’ तिने बोट मागे घेतलं आणि पुढचा आठवडाभर पुन्हा गप्प.

खिचडी वाढता वाढता तिथली मदतनीस सहज बोलून गेली, ‘मॅडम, पिल्ली म्हणजे मांजरच की आमच्यात.’

म्हणजे पोरीचं उत्तर बरोबर होतं आणि चूक दिली होती मी. लहान मुलांच्या भाषेवर सेविकांसमोर तासभर बोलणारी बाई मी, मला चार अक्षरांचं तेलुगू येत नव्हतं! त्यानंतर बऱ्याच अंगणवाड्या पाहिल्या, बऱ्याच चुका पाहिल्या आणि स्वतःही केल्या. त्यातल्या वारंवार दिसणाऱ्या चुका इथे लिहिते आहे.

‘हे मूल बोलतच नाही’

हे वाक्य वहीत लिहिण्याआधी एक विचारा : कुठे बोलत नाही? आपल्यासमोर की कुठेच नाही? आपल्या शहरात गल्ली बदलली की भाषा बदलते. यंत्रमाग आणि विड्यांच्या वस्तीत तेलुगू, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडून आलेल्या घरांत कन्नड, पलीकडे दखनी म्हणजे इकडची उर्दू, सेटलमेंट वस्तीच्या बाजूला कैकाडी नाहीतर पारधी. यातलं मूल पहिल्यांदा अंगणवाडीत येतं तेव्हा त्याला मराठी नवी असते. नव्या भाषेत पडलेलं मूल काही आठवडे, कधी दोन-चार महिनेही नुसतं ऐकतं. आतल्या आत साठवणं चालू असतं. त्या काळात ‘बोल ना, बोल की’ म्हणून मागे लागलं, तर ते आणखी आक्रसतं.

उपाय सोपा आहे. घरी न्यायला येणाऱ्या आजीला विचारा, ‘घरी बोलते का?’ बहुतेक वेळा आजी कपाळाला हात लावते, ‘गप कधी बसते ते विचारा!’ तसं असेल तर काळजी सोडा आणि स्वतः वीसएक शब्द शिका. तेलुगू मुलांसाठी मी आधी हे शिकले : आकली म्हणजे भूक, नीळ्ळु म्हणजे पाणी, पालु म्हणजे दूध, नोप्पी म्हणजे दुखतंय. ‘पालु’ ऐकून भिंतीवर पाल शोधणारी एक नवी सेविका मला आठवते, त्यामुळे हा शब्द आधी शिकाच. कन्नड मूल पाण्याला नीरु आणि दुधाला हालु म्हणेल. दखनी घरातल्या मुलाचं मात्र आपल्याशी निम्मं नातं आधीच जुळलेलं असतं, कारण ‘नको’ हा शब्द त्यांच्याही घरात रोजचा आहे.

मूल ‘पिल्ली’ म्हणालं की ‘हो, पिल्ली! मांजर!’ एवढंच म्हणायचं. त्याचा शब्द आधी, आपला नंतर, आणि ‘म्हण बघू’ नाहीच.

‘घरी मराठीतच बोलत जा’

ही चूक सद्भावनेने होते, म्हणून जास्त नुकसान करते. पालक सभेत ताई सांगतात, घरी मराठी बोला, पोरगं मागे पडतंय. इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत तर आईला इंग्रजी बोलायला सांगतात. आता जी आई तेलुगूत भांडते, लाडावते, देवाची गोष्ट सांगते, विनोद करते, तीच मराठीत ‘ये’, ‘जा’, ‘जेव’, ‘बस’ यापुढे जात नाही. तिने सल्ला मनापासून पाळला तर मुलाच्या वाट्याला येणारं बोलणंच निम्म्याने घटतं. मराठी मिळाली नाहीच, तेलुगूही गेली.

मूल एका वाक्यात दोन भाषा मिसळतं, ‘नीळ्ळु दे’ म्हणतं, त्यात घोटाळा काही नाही. दोन भाषांत वाढणारी मुलं जगभर असंच बोलतात आणि पुढे आपोआप वेगळं करतात. पहिली भाषा जितकी पक्की, तितकी दुसरी तिच्यावर नीट उभी राहते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं म्हटलं आहे. तेव्हा पालक सभेत उलट सांगा : तुमच्या भाषेत बोला, पण भरपूर बोला. मराठीचं आम्ही बघतो.

‘हे काय? ते काय? रंग कोणता?’

कोणत्याही अंगणवाडीच्या दारात पाच मिनिटं उभं राहा. ताईंच्या तोंडून काय ऐकू येतं? प्रश्न आणि हुकूम. तीस मुलं एका सुरात ‘ए फॉर ॲपल’ ओरडतात, पाहुणे खूश होतात. पाठांतराने जीभ वळते, मान्य. पण स्वतःच्या मनातलं सांगायला मूल त्यातून शिकत नाही.

मागाशेजारी राहणारा एक मुलगा खिशातून कांडी, म्हणजे मागाचा दोरा गुंडाळायची नळी, रिकामी घेऊन आला होता. नेहमीचं संभाषण असं झालं असतं : ‘रंग कोणता?’ ‘लाल.’ ‘इंग्लिशमध्ये?’ ‘रेड.’ ‘शाब्बास, बस खाली.’ मुलाचे शब्द दोन, आणि तेही आपल्याला आधीच ठाऊक असलेले.

त्या दिवशी ताईंनी वेगळं केलं. त्या खाली बसल्या, कांडी हातात घेतली आणि म्हणाल्या, ‘अरे, ही तर रिकामी.’ पुढे गप्प राहिल्या. मनात पाचपर्यंत आकडे मोजा, तेवढी शांतता आपल्याला फार मोठी वाटते, मुलाला लागते. मग मुलगा म्हणाला, ‘बाबा खट् खट्.’

‘बाबांचा माग खट् खट् करतो होय?’

‘तुटला.’

‘तुटला? काय तुटलं?’

‘दोरा. बाबा गाठ.’

‘दोरा तुटला, मग बाबांनी गाठ मारली!’

‘गाठ मारली. परत खट् खट् खट्!’

यात ताईंनी एकही चूक काढली नाही. ‘बाबा गाठ’ हे अर्धं वाक्य त्यांनी पूर्ण करून परत दिलं आणि पुढच्या वेळी ते मुलाच्या तोंडात आलं. ‘न्हाई’, ‘व्हय’ म्हणणाऱ्या मुलालाही हाच न्याय लावा. ‘न्हाई नाही, नाही म्हणावं’ असं टोकलं तर मूल काय म्हणत होतं तेच राहून जातं. आपण ‘नाही का? बरं’ म्हणून पुढे जायचं.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांची बालवाडी चालवली ती आसपास मिळणाऱ्या वस्तू घेऊनच. आपल्याकडे कांड्या आहेत, चिंध्या आहेत, टॉवेलचे काठ आहेत. जानेवारीत गड्ड्याहून, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेहून, आलेल्या मुलाला ‘काय पाहिलंस?’ एवढं विचारून बघा. पाळणा, नंदीध्वज, हरवलेली चप्पल, बाबांनी न घेतलेला फुगा, सगळं बाहेर पडतं. आणि ते आठवडाभर रोज नव्याने सांगू द्या. गोष्टीचंही तसंच आहे. ‘ही कालच झाली’ म्हणून आपण कंटाळतो, मूल कंटाळत नाही. पाचव्यांदा ऐकताना ते पुढचं वाक्य आपल्याआधी म्हणतं.

एका ताईसमोर पंचवीस-तीस मुलं, त्यात वजनं घ्यायची, मोबाइलमध्ये माहिती भरायची, हे सांगितल्याशिवाय हा सल्ला देणं अन्याय होईल. सगळ्यांशी रोज गप्पा होणार नाहीतच. पाच मुलांचा गट जवळ घ्या, बाकीच्यांना खेळू द्या, उद्या दुसरे पाच. त्यात गप्प बसणाऱ्यांचे दिवस आधी लावा, कारण बोलकी पोरं आपला वेळ स्वतःच काढून घेतात.

‘आईच बोलत नाही, तर मूल काय बोलणार?’

गरीब घरात बोलणंच कमी, हा समज शिकलेल्या लोकांत पक्का बसला आहे. त्याचा उगम बऱ्याच अंशी अमेरिकेतला. बेटी हार्ट आणि टॉड रिसली या संशोधकांनी कॅन्ससमधल्या 42 कुटुंबांचा अभ्यास 1995 मध्ये मांडला आणि गरीब व सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांच्या कानावर पडणाऱ्या शब्दांतली ‘तीन कोटी शब्दांची दरी’ हा शब्दप्रयोग गाजला. त्या 42 मध्ये सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं होती फक्त 6. पुढे 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी इतर वस्त्यांत मोजणी केली, घरातल्या सगळ्यांचं बोलणं धरलं, तेव्हा ती दरी तशी दिसली नाही. शब्दांच्या ढिगापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात किती वेळा आलटून पालटून बोलणं होतं, याला जास्त महत्त्व आहे, असं आता अभ्यासक सांगतात.

विडी कामगार आईला ‘रोज अर्धा तास पुस्तक वाचून दाखवा’ असं सांगणं म्हणजे तिची टिंगल आहे. मजुरीचा हिशोब हजार विड्यांवर. मांडीवर सूप, भिजवलेलं पान, कात्री, दोरा, डोळे आणि हात दोन्ही अडकलेले. मोकळं असतं ते तोंड. म्हणून मी आता एवढंच सांगते : काम करता करता जे दिसतंय ते मोठ्याने बोला. हे पान ओलं, हे फाटलं. हे मोठं, याच्या तीन होतील. दोरा संपला, आता काय करायचं? मुलाने काही म्हटलं की त्याला जबाब द्या, मान वर न करता दिला तरी चालेल. मात्र मूल सुपाजवळ नको. तंबाखूची धूळ त्याच्या छातीला वाईट, आणि पानं पुसायला, दोरा गुंडाळायला त्याला लावायचं नाही. चार हातांवर बसूनही गप्पा होतात.

आजीला तर अंगणवाडीतच बोलवा. तिच्याकडची तेलुगू गाणी कोणत्याही तक्त्यात नाहीत.

मोबाइल

थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनेनुसार दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवू नये, 2 ते 4 वर्षांत दिवसाला तासाच्या वर नको. कार्टून मुलाला उत्तर देत नाही, ही मुख्य अडचण. दिवसभर चालू राहणारा टीव्ही तितकाच वाईट, त्या आवाजात घरातलं बोलणंच बुडतं. शेजारी माग खडखडत असेल तर तिथे इलाज नाही, पण मुलाशी बोलताना जवळ जा, तोंड त्याला दिसू द्या.

‘बोलेल उशिरा, बापही उशिराच बोलला’

इथे मात्र थांबू नका. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचं एकही शब्द बोलत नाही, दोन वर्षं पूर्ण होऊनही दोन शब्द जोडत नाही, किंवा कुठल्याही वयात आलेले शब्द गळायला लागले, तर लगेच दाखवा. वारंवार कान फुटत असेल तरीही. कानात पाणी साठलं की मूल ऐकतं पण अर्धवट, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. कानात तेल ओतू नका. मधातून वेखंड चाटवल्याने बोलणं सुटत नाही, आणि वर्षाखालच्या बाळाला मध धोक्याचा. जिभेखालचा पडदा कापण्याचा सल्ला शेजारीपाजारी फार देतात. तो पडदा आखूड असेल तर एखाद्या अक्षराला अडथळा येऊ शकतो, पण मूल अजिबात बोलत नाही याचं कारण सहसा तो नसतो.

2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. पथक येईल त्या दिवशी शंका असलेलं मूल हजर राहील असं बघा. आई मजुरी बुडवून पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. पथक यायला वेळ असेल तर थेट सिव्हिलला कान-नाक-घसा विभागात न्या.

जाताना एक कागद सोबत द्या. मूल बोलतं ते सगळे शब्द, ज्या भाषेत बोलतं त्याच भाषेत, आजीला विचारून लिहायचे. डॉक्टरांनी मराठीत विचारलं आणि मूल गप्प राहिलं, तर त्यांचाही माझ्यासारखाच गैरसमज होईल. मोजताना तेलुगू आणि मराठी एकत्रच धरा. पहिल्या ओळीत ‘पिल्ली’ असेल तर पुढे कंसात ‘मांजर’ लिहायला विसरू नका.