घुसखोरीचे भयपट कसे पाहावेत

घरात परका माणूस शिरतो आणि आतल्यांना सुटकेची वाट उरत नाही, एवढ्याच कथासूत्रावर शंभरहून अधिक वर्षे चित्रपट निघत आले आहेत आणि प्रेक्षकही ते आवडीने पाहत आले आहेत. भुताखेतांच्या चित्रपटात आधी भुतावर विश्वास ठेवावा लागतो. येथे दाराची कडी आणि काचेची खिडकी यांपलीकडे कशावरही विश्वास ठेवण्याची गरज पडत नाही. या चित्रपटांची खरी ओढ रक्तपातापेक्षा घराच्या रचनेत आहे, असे माझे ठाम मत आहे आणि ते पाहण्याची रीतही त्यावरूनच ठरते.

सुरुवात लोइस वेबर आणि फिलिप्स स्मॉली यांच्या १९१३ मधील ‘सस्पेन्स’ या जेमतेम दहा मिनिटांच्या मूकपटाने करावी. नोकरी सोडून जाणारी मोलकरीण किल्ली पायपुसण्याखाली ठेवते आणि ती एका भटक्याच्या हाती लागते. बाळासह एकटी असलेली गृहिणी वरच्या खिडकीतून खाली पाहते, त्याच क्षणी तो मान वर करून थेट तिच्याकडे, म्हणजे आपल्याकडेही, पाहतो. पुढे पडदा तीन भागांत विभागला जातो आणि फोनवर बोलणारी पत्नी, दूर असलेला पती आणि घुसखोर असे तिघेही एकाच वेळी दिसतात. घरातल्या माणसापेक्षा प्रेक्षकाला थोडे अधिक ठाऊक असणे हे या प्रकाराचे मूळ तंत्र येथे लख्ख दिसते.

यानंतर कोणताही चित्रपट लावला, तरी पहिली पंधरा-वीस मिनिटे घर नीट पाहून घ्यावे. जिना कोठे आहे, मागचे दार कोणत्या खोलीत उघडते, कोणती खिडकी लागत नाही, हे दिग्दर्शक बहुधा याच भागात दाखवून ठेवतो, आणि घाईचा प्रेक्षक नेमका तोच भाग कंटाळवाणा समजून मोबाइल हाती घेतो. फेडे अल्वारेझ यांच्या ‘डोन्ट ब्रीद’मध्ये (२०१६) चोर अंध मालकाच्या घरात शिरतात, तेव्हा कॅमेरा एका लांबलचक दृश्यात खोल्यांमधून फिरतो आणि पुढे उपयोगी पडणाऱ्या वस्तूंवर रेंगाळतो. तो नकाशा ध्यानात राहिला, तर पुढचा प्रत्येक बंद दरवाजा अंगावर येतो.

पात्र बोलत असताना नजर त्याच्या चेहऱ्यावर खिळवून न ठेवता त्याच्या मागच्या अंधारावरही ठेवावी. ‘द स्ट्रेंजर्स’मध्ये (२००८) नायिका घरात एकटी उभी असते आणि तिच्या पाठीमागच्या काळोखात मुखवटा घातलेला माणूस नि:शब्दपणे येऊन थांबतो. दचकवणारा संगीताचा ठोका नाही, कॅमेऱ्याची झेप नाही. तिला काहीच कळत नाही आणि आपल्याला मात्र कळलेले असते. आरडाओरडीच्या दहा दृश्यांपेक्षा या एका दृश्याचे मोल मला अधिक वाटते.

आवाजासाठी खोलीत शांतता हवी. ती नसेल तर हेडफोन लावावेत. माइक फ्लॅनगन यांच्या ‘हश’ची (२०१६) नायिका बहिरी लेखिका आहे आणि काही दृश्यांत आवाज जवळजवळ नाहीसा होऊन आपल्याला तिच्या जागी बसवले जाते. टीव्हीच्या क्षीण स्पीकरवर आणि घरातल्या गजबजाटात हा परिणाम पुरता हरवतो.

घर घुसखोराच्या विरुद्ध कसे उलटते, हे मात्र सर्वांत बारकाईने पाहावे. ‘वेट अंटिल डार्क’मध्ये (१९६७) ऑड्री हेपबर्नने साकारलेली अंध स्त्री घरातले दिवे फोडते, कारण काळोखात डोळस माणूसच चाचपडणार असतो आणि तिला मात्र प्रत्येक खुर्ची पाठ असते. पण दरवाजा उघडताच आतून उजेड देणारा फ्रिज तिच्या ध्यानात राहिलेला नसतो. आपले घर आपल्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही हा दिलासा, आणि तरीही त्यातली एखादी वस्तू आपल्याला दगा देईल ही धास्ती, या दोहोंमुळेच आपण असे चित्रपट पुन:पुन्हा पाहतो. पात्राने पुढे काय करावे याचा हिशेब मनात मांडत पाहिले, तर हा आनंद दुणावतो.

ज्याच्या घरी खरोखर चोरी किंवा हल्ला झाला आहे, त्याला आग्रह करून सोबत बसवू नये. तसेच मिखाएल हानेके यांचा ऑस्ट्रियन ‘फनी गेम्स’ (१९९७) प्रारंभी निवडू नये. या प्रकारातून प्रेक्षकाला मिळणारा थरार आणि शेवटी लाभणारा सुटकेचा नि:श्वास हानेके जाणूनबुजून नाकारतात आणि त्यातला एक घुसखोर थेट कॅमेऱ्याकडे पाहून आपल्यालाच सामील करून घेतो. चार-पाच चित्रपट मन लावून पाहिल्यावर तो लावावा, म्हणजे हानेके काय हिरावून घेत आहेत हे नेमके जाणवेल.