भात-सुपारीची वाहतूक सुरू होण्याआधी पिकपचे मागचे पाटे तपासून घ्या

सप्टेंबर सरत आला की गोव्यातल्या सत्तरी, फोंडा, सांगे, पेडणे भागांतल्या शेतकऱ्यांच्या पिकपला उसंत राहत नाही. माडा-पोफळींना खताची दुसरी मात्रा, मग भातकापणी, मागोमाग कुळागरातली सुपारी आणि फेब्रुवारीपासून काजू. गाडीच्या मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) काम करायचे असेल तर ते आत्ताच करावे. ऐन हंगामात गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तर माल खळ्यावर पडून राहतो. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालालच. त्याआधी एकदा गाडीखाली वाकून बघा.

बघण्याआधी गाडी खालून नीट धुवा. आपली तांबडी माती पाट्यांच्या फटींत घट्ट बसते आणि ओल धरून ठेवते. त्यात किनाऱ्याकडची खारी हवा. माडांसाठी मीठ किंवा पोटॅश वाहिले असेल तर गंज आणखी वेगाने चढतो, म्हणून अशा खेपेनंतर त्याच दिवशी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पाटे रबरी बुशांवर (टोकाच्या जोडात बसणाऱ्या रबरी नळ्यांवर) असतील तर धुतल्यावर डिझेल किंवा जळके ऑइल मारू नका. त्याने रबर फुगते आणि लवकर सुटते.

आता गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करा. दोन्ही मागच्या टायरांत हवा सारखी असू द्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर अंतर कमी असलेल्या बाजूचा पाटा बसला आहे किंवा त्यातले एखादे पान (पोलादी पट्टी) तुटले आहे असे समजून शोध घ्या. पान बहुधा सगळी पाने एकत्र धरणाऱ्या मधल्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी किंवा टोकाच्या डोळ्यापाशी (पिन जाते त्या गोल भोकापाशी) तुटते. पाटा ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टखाली असलेली चीर वरून दिसत नाही, पण खुणा दिसतात: नटाभोवती तांबूस भुकटी, आणि पाट्याच्या पृष्ठावर घासून चकचकीत झालेला बारीक पट्टा. या दोन खुणा दिसल्या की यू-बोल्ट सैल झाले आहेत आणि पाने आतल्या आत सरकत आहेत हे नक्की. मग डोळा आणि शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) यांच्यामध्ये पहारीचे टोक घालून हलवा. खडखड ढळ जाणवली तर बुश किंवा पिन गेली आहे.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. गाडी मागून बसली की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला: "एक पाटा वाढवून टाक," म्हणजे एक पान जादा घाल. खराबी कुठे आहे ते पाहिल्याशिवाय हे करू नका. बुश गेले असेल, यू-बोल्ट सैल असतील, तर जादा पाट्याने ते दुखणे तसेच राहते. वर रिकामी गाडी दणके खाते आणि चेसिसवरच्या हँगरला (पाटा अडकवलेल्या ब्रॅकेटला) चिरा जातात. शिवाय अनेक पिकपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह एका दांडीने ॲक्सलला जोडलेला असतो. पाटे जितके दबतील तितका माल आहे असे धरून तो मागच्या चाकांना ब्रेक देतो. पाटा वाढवला की भरलेली गाडीही त्याला हलकी वाटते आणि चोर्ला घाटाच्या उतारावर मागचा ब्रेक कमी पडतो. उलट, पाटे थकून बसलेले असतील तर रिकाम्या गाडीची मागची चाके ओल्या रस्त्यावर जाम होऊन घसरू शकतात. म्हणून पाट्यांचे काम झाले की या व्हॉल्व्हची जुळणी मेकॅनिककडून तपासून घ्यावीच.

तुटलेल्या पानाला वेल्डिंग करू नये. पाट्याचे पोलाद विशेष तापवून-थंड करून लवचीक केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ती लवचिकता जाते आणि पान शेजारीच पुन्हा तुटते. पाटे ठोकून वाक आणला तरी तो फार टिकत नाही. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे पाटे एकदमच बदला. यू-बोल्ट आणि त्यांचे नट नवे घ्या, कारण एकदा कसलेले बोल्ट ताणलेले असतात. नवा संच बसवताना सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरच्या भोकात बरोबर बसले पाहिजे, नाहीतर गाडी तिरकी चालते आणि टायर खाते. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच शेवटचे कसायला सांगा. जॅकवर कसले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि लवकर फाटते. पितळी बुश आणि ग्रीस निपल असेल तर पावसाळ्यानंतर ताजे ग्रीस भरून जुने बाहेर येईपर्यंत पंप मारा.

शॉकअपवर ओलसर तेल ओघळत असेल तर जोडी बदला. गाडीचे वजन पाटे पेलतात, शॉकअप फक्त उसळी आवरतो; त्यामुळे बसलेली गाडी नव्या शॉकअपने वर येणार नाही.

स्वतः चाक काढणार असाल तर पुढच्या चाकांना ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा. जॅकखाली जाड फळी ठेवा, ओली माती खचते. चेसिसला दोन्ही बाजूंनी स्टँड दिल्याशिवाय खाली शिरू नका. यू-बोल्ट सोडताना ॲक्सलखाली दुसरा जॅक हवाच.

आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) लिहिलेले भरलेल्या गाडीचे वजन एकदा वाचा आणि भाताची किंवा सुपारीची भरलेली पहिली खेप वजनकाट्यावरून न्या. ओले भात डोळ्यांच्या अंदाजाला चकवते. मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला 2,000 रुपये पडतात. नवे यू-बोल्ट पहिल्या काही भरलेल्या खेपांनंतर, साधारण 500 किलोमीटरच्या आत, टॉर्क पान्याने पुन्हा कसून घ्या.