महामारीतली महापालिका निवडणूक : सोलापुरातलं मतदान केंद्र कसं चालवायचं

कोरोनाच्या काळात सोलापूर महापालिकेची निवडणूक झाली नाही. २०१७ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले. जिल्ह्याला मात्र मतदान चुकलं नव्हतं. १ डिसेंबर २०२० ला पुणे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ, १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायती, आणि दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात १७ एप्रिल २०२१ ला पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक, अशी तीन मतदानं पार पडली. पदवीधरांचं मतदान झालं त्याच दिवशी हैदराबादने १५० प्रभागांसाठी मत दिलं, तेही कोरोनाचं कारण सांगून यंत्राऐवजी कागदी मतपत्रिकेवर. पुढची साथ निवडणुकीच्या वेळापत्रकावर येऊन आदळली तर काय करायचं, ते केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसाठी इथे लिहिलं आहे.

आधी एक खुलासा. ऑगस्ट २०२० चे बहुतेक कोविड-नियम भारत निवडणूक आयोगाचे, म्हणजे विधानसभा-लोकसभेचे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा हातात त्याचा आदेश हवा. खाली दिलेले आकडे त्या जुन्या नियमांवरून आणि साध्या हिशेबावरून आहेत. आदेशात वेगळं असेल तर आदेश पाळायचा.

पहिलं काम सेकंदांचं

सॅनिटायझर, मास्क, पीपीई यांच्या याद्या सगळेच करतात. सोलापुरात खरी अडचण वेगळी आहे: इथला मतदार एक मत देत नाही. शहरात २६ प्रभाग, १०२ जागा. २४ प्रभाग चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे. बहुतेक मतदारांना अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबावी लागतात, आणि शेवटचं मत नोंदल्याशिवाय बझर वाजत नाही. विधानसभेला माणूस आत गेला की बटण दाबून बाहेर. इथे तो चार कागद वाचतो, चार चिन्हं शोधतो, मध्येच थांबून विचारतो.

एका मतदाराला यंत्रापाशी ८० सेकंद धरा. वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच असेल तर हातात ३६,००० सेकंद आहेत. विधानसभेसाठी कोविडमध्ये केंद्रामागे कमाल १,००० मतदार ठरवले होते. ६० टक्के आले तर ६०० जण, म्हणजे ४८,००० सेकंद, म्हणजे १३ तास २० मिनिटं. बसतच नाही. ७०० मतदारांचं केंद्र केलं तर ४२० जण, ३३,६०० सेकंद, ९ तास २० मिनिटं. कसंबसं बसतं. म्हणून चार सदस्यांच्या प्रभागात केंद्रामागे ७०० च्या वर जाऊच नये, आणि ही मागणी केंद्रांची यादी ठरतानाच करायची. मतदानाच्या आदल्या रात्री ती करून काही उपयोग नाही.

त्यात लोक दिवसभर सारखे येत नाहीत. सकाळी ९ ते ११ मध्ये एक-तृतीयांश, म्हणजे १४० जण आले तर त्या दोन तासांत ९० जणांचंच मतदान होईल. ५० जण उभे राहतील. सहा-सहा फुटांवर उभे केले तर ३०० फुटांची रांग. त्या जुन्या नियमांत रांगेत उभं राहण्यासाठी आखायला सांगितलेली वर्तुळं होती १५ ते २०. एकविसाव्या माणसापासून पुढे अंतर मोडतं, आणि संसर्ग पसरतो तो तिथे, फाटकाबाहेरच्या गर्दीत. यंत्राचं बटण त्या मानाने निरुपद्रवी.

उपाय टोकनचा. फाटकावर क्रमांकाची चिठ्ठी द्यायची, पहिल्या वीस जणांना वर्तुळात उभं करायचं, बाकीच्यांना मांडवात लांब-लांब खुर्च्यांवर बसवायचं किंवा घरी जाऊन अमुक वेळेला या म्हणून सांगायचं. मतदार-चिठ्ठी घरोघरी वाटतानाच तिच्यावर सोयीची वेळ लिहून दिली तर आणखी बरं. मात्र ती वेळ सूचना म्हणूनच. दुसऱ्या वेळी आलेल्याला परत पाठवायचा अधिकार कुणालाही नाही.

गर्दी कधी होणार हे वस्तीवर ठरतं. पूर्व भागात यंत्रमागाची पाळी सुटली की एकदम लोंढा येतो. बायका स्वयंपाक-पाणी आटोपून येतात, आणि इथे ‘पाणी’ हा शब्द शब्दशः घ्यायचा: ज्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे पाण्याचा वार आणि मतदान एकाच दिवशी आलं, तर पाणी भरून होईपर्यंत घरातली बाई हलत नाही आणि मग दुपारी सगळ्याजणी एकदम येतात. प्रभागाचं पाण्याचं वेळापत्रक आठवडाभर आधी पाणीपुरवठा विभागाकडून मागून घ्या. जमलं तर त्या दिवसाचं पाणी पहाटे सोडायला सांगा.

चार बटणं रांगेतच शिकवा

मतदार एक बटण दाबून बाहेर यायला निघतो, ही नेहमीची चूक. एरवी अधिकारी दोन पावलं पुढे होऊन समजावतो. साथीत मास्कमधून आवाज नीट जात नाही, जवळ जाता येत नाही, आणि तीस सेकंद तिथेच जातात. म्हणून पाचव्या-सहाव्या वर्तुळापाशी मोठा फलक लावा: अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा, प्रत्येक रंगात एक बटण, कुणीच नको असेल तर त्या रंगातलं ‘नोटा’, बझर वाजल्यावर बाहेर. हा मजकूर मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूत हवा. कोणती भाषा मोठी लिहायची ते वस्ती बघून ठरवा. फलकावर कोणत्याही उमेदवाराचं चिन्ह येऊ देऊ नका, अगदी नमुना म्हणूनही. प्रभाग तीन जागांचा असेल तर ‘ड’ झाकायला विसरू नका.

चिन्हांवरून आठवलं. हैदराबादच्या ओल्ड मलकपेट प्रभागात मतपत्रिकेवर भाकपच्या जागी माकपचं चिन्ह छापलं गेलं, मतदान थांबवावं लागलं आणि ३ डिसेंबरला फेरमतदान घ्यावं लागलं. साथीत फेरमतदान म्हणजे तीच गर्दी पुन्हा. यंत्रं ताब्यात घेताना चारही मतपत्रिका उमेदवारांच्या यादीशी ओळ न् ओळ ताडून बघा आणि बॅलट युनिट (बटणं असलेली यंत्रं) डावीकडून अ, ब, क, ड याच क्रमाने लागली आहेत ना ते पाहा.

सामान

७०० मतदारांच्या केंद्राचा हिशेब ४२० जणांवर करा. येताना-जाताना प्रत्येकी ३ मिलि सॅनिटायझर म्हणजे अडीच लिटर. कर्मचाऱ्यांसह चार लिटर घ्या. एकदाच वापरायचे ग्लोव्ह ५००, कारण बरेच ओढताना फाटतात. मास्क विसरून येणाऱ्यांसाठी ५० मास्क. तापमापक बंदुका दोन, बॅटऱ्यांचे दोन जादा संच. झाकणाची कचराकुंडी बाहेर पडायच्या दाराशीच ठेवा. ती दहा पावलं लांब असेल तर ग्लोव्ह शाळेच्या मैदानात सापडतात.

वर्तुळं खडूने किंवा चुन्याने आखू नका, दोन तासांत पायांनी पुसली जातात. ऑइल पेंट वापरा आणि आदल्या दिवशी वाळू द्या. निर्जंतुकीकरणही आदल्या दिवशीच: फरशी, बाकं, दाराच्या कड्या एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटने पुसा. यंत्रावर काहीही फवारायचं नाही. द्रव आत गेला तर यंत्र बंद पडतं, आणि कागदावर पडला तर मतपत्रिका डागाळते, जिचं खापर मग तुमच्यावर फुटतं.

ताप मोजताना

भर उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर बंदूक धरली तर ताप नसतानाही आकडा चढतो. घाम आला असेल तर उलट कमी दाखवते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे दर दोन माणसांमागे होणार. मोजण्याची जागा सावलीत हवी, आणि माणूस तिथे पाचेक मिनिटं थांबलेला हवा. घाम पुसून, कुंकू किंवा विभूती टाळून कानशिलापाशी उघड्या त्वचेवर धरा. बऱ्याच बंदुका भोवतालचं तापमान चाळिशीच्या वर गेलं की चूक दाखवतात. एक आत पंख्याखाली ठेवा आणि आलटून-पालटून वापरा.

दोनदा मोजूनही ताप निघाला तर त्या मतदाराला चिठ्ठी देऊन शेवटच्या तासाला बोलवायचं असतं. ही चिठ्ठी आणि रांगेचं टोकन वेगवेगळ्या रंगाचं ठेवा, नाहीतर तापाचा माणूस मांडवात इतरांशेजारी बसून राहतो. ‘तुम्हाला कोरोना आहे’ असं कुणाला म्हणायचं नाही. ‘सावकाश या, तुमचं मत राखलेलं आहे’ एवढंच पुरे. चारचौघांत थांबवलेला माणूस घरी गेला की बहुधा परत येत नाही, म्हणून चिठ्ठीवर यादीतला क्रमांक आणि वेळ स्पष्ट लिहा.

डावा हात, उजवा हात

शाई डाव्या तर्जनीला लागते, सही न येणाऱ्याचा अंगठाही डावाच. म्हणून ग्लोव्ह फक्त उजव्या हातात द्यायचा. दोन्ही हातांत दिला की तो काढा-घाला करण्यात वीस सेकंद जातात. क्रम असा: दारात सॅनिटायझर, हात पूर्ण कोरडे, उजव्या हातात ग्लोव्ह, ओळख, सही किंवा अंगठा, शाई, मतदान. ओल्या बोटावर शाई धरत नाही, आणि लावल्या-लावल्या सॅनिटायझर चोळलं तर फिकी पडते. मार्कर पेन असेल तर जास्तच. म्हणून बाहेर पडतानाची सॅनिटायझरची बाटली दारापासून जरा लांब ठेवा, तेवढ्या वेळात शाई वाळते.

ओळखीसाठी मास्क क्षणभर खाली करायला सांगा, त्या क्षणी बोलू नका म्हणावं. बुरखा किंवा पदर घेतलेल्या महिलांची ओळख आडोशाला महिला कर्मचाऱ्याने पटवायची. शास्त्रीनगर, नई जिंदगीसारख्या भागात प्रत्येक केंद्रावर एक तरी महिला अधिकारी नेमणुकीतच मागून घ्या.

खोलीतली गर्दी कुणाची?

मतदार एका वेळी दोघं-तिघंच आत असतात. खोली भरते ती प्रतिनिधींनी. चार जागा, प्रत्येक जागेला पाच-सहा उमेदवार, प्रत्येकाचा प्रतिनिधी, म्हणजे शाळेच्या एका वर्गात वीस माणसं. याचा निकाल मतदानाच्या सकाळी लागत नाही. उमेदवारांच्या बैठकीतच ठरवा: एका पॅनेलचा एक जण आत, बाकीचे बाहेर आणि पाळीपाळीने. प्रतिनिधींनीही समजून घ्यावं, आत चौघं बसून एकाच यादीवर खुणा करण्यात काही मिळत नाही. खिडक्या उघड्या ठेवा. मतदानाचा आडोसा मात्र खिडकीपासून दूर.

अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचं नमुना मतदान, या प्रतिनिधींसमोर करायचं आणि नंतर यंत्र ‘क्लिअर’ करायचं. ग्लोव्ह, मास्क, उकाडा या गडबडीत विसरते ती नेमकी हीच पायरी. क्लिअर केल्यावर शून्य सगळ्यांना दाखवा, मगच सील.

एक कर्मचारी तरी राखीव ठेवा. साथीत आदल्या दिवशी कुणाचा तरी अहवाल येतोच. आणि प्रशिक्षण एका सभागृहात शेकडो शिक्षक कोंबून घेऊ नका, तुकड्या पाडा.

शेवटचा तास

विलगीकरणातले आणि तापाची चिठ्ठी घेतलेले मतदार साडेचारनंतर. विधानसभेला ८० वर्षांवरच्यांना आणि रुग्णांना टपाली मताची सोय होती; महापालिकेला ती गृहीत धरू नका, आदेशात असेल तरच सांगा.

पीपीई घालायला दहा मिनिटं लागतात आणि तो घालून उन्हाळ्यात तासाभराच्या वर बसवत नाही. त्यामुळे आधी पाणी पिऊन, छापील फॉर्म आणि पाकिटांचं जेवढं लिहून होतं तेवढं उरकून सव्वाचारला एकेकाने घालायला सुरुवात करा. साडेपाचला फाटक बंद, आणि उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत यायचं, म्हणजे मागे कुणी घुसत नाही. साधी रांग संपली नसेल तर आधी तिला जाऊ द्या, तापाची रांग नंतर. दोघांचाही हक्क शाबूत राहतो. मग यंत्राचं ‘क्लोज’ बटण, सील, आणि पीपीई पिवळ्या पिशवीत.

प्रचार आणि मोजणी

२०२० च्या नियमांत अर्ज भरायला उमेदवारासोबत दोघं आणि दोन गाड्या, घरोघरी प्रचाराला उमेदवारासह पाच जण एवढीच मुभा होती. कागदावर नियम चोख होते, सभांमधून ते विरघळले. मोजणीला सभागृहात सातच टेबलं ठेवली तर वेळ दुप्पट होतो. दोन पाळ्या आधीच लावा. २ मे २०२१ च्या मोजणीआधी आयोगाने विजयी मिरवणुकांवर बंदी घातली होती. गुलालाचं काय करायचं हे पोलिसांनी आदल्या दिवशीच सांगितलेलं बरं.

महापौर ऑनलाइन

महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, हात वर करून. १०२ जणांच्या सभागृहात बहुमत ५२. सगळ्यांना महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीच्या आवारात एकत्र बसवणं साथीत जमलं नाही तरी अडत नाही: सांगलीत २३ फेब्रुवारी २०२१ ला आणि जळगावात १८ मार्च २०२१ ला महापौर ऑनलाइन सभेत निवडले गेले. सांगलीत निकाल ३९ विरुद्ध ३६, जळगावात ४५ विरुद्ध ३०. सांगलीइतक्या कमी फरकात तुटलेलं नेट निकाल फिरवू शकतं, म्हणून पीठासीन अधिकाऱ्याने आदल्या दिवशी प्रत्येक सदस्यासोबत रंगीत तालीम घ्यावी. लिंक सदस्याच्या नोंदलेल्या क्रमांकावरच जावी. नाव पुकारलं की कॅमेरा सुरू, चेहरा उघडा, स्वतःचं नाव, प्रभाग आणि उमेदवाराचं नाव तोंडी. संपर्क तुटला तर गैरहजर न धरता यादी संपल्यावर पुन्हा पुकारायचं, आणि किती वेळा पुकारणार ते सभा सुरू होतानाच जाहीर करायचं. रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवावं. पक्षाने नगरसेवक सहलीला नेले असतील तर एकाच हॉटेलच्या एकाच वाय-फायवर पन्नास जण जोडले जातात आणि पुकारा सुरू झाला की सगळ्यांची चित्रं एकदम थिजतात. त्यांना निदान दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या ठेवायला सांगा.